काचेतली मेंढरं

त्या दिवशी सकाळी हिरवीने अंग उघडलं नाही, तेव्हाच बिरूच्या काळजात चर्र झालं.

हिरवी म्हणजे मेंढी नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बिरूचा जन्म मेंढरं राखण्यात गेला आणि आजारी जनावराबद्दल तो ज्या आवाजात बोलायचा, त्याच आवाजात हल्ली हिरवीबद्दल बोलायचा. हिरवी हे कोरल होतं. हिंजवडीजवळच्या नेरे गावात, त्याच्या स्लॅबच्या घरात, पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याला लागूनच एक भलीमोठी काचेची टाकी होती. तिच्यात समुद्रासारखं खारं पाणी, आणि त्या पाण्यात दगडांना चिकटून बसलेले हे समुद्रातले जीव. एरवी सकाळी निळा दिवा लागला की हिरवी आपली लांब लांब बोटं सैल सोडायची आणि कीर्तनात पहिल्या रांगेतली म्हातारी डोलते तशी डोलत राहायची. आज सगळी बोटं आत ओढून ती आवळलेल्या मुठीसारखी गप्प होती.

"अगं ए, हिरवी रुसलीया," बिरूने आत हाक दिली.

"मग मनवा तिला!" बानूबाईचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "मी लगीन झाल्यापास्नं रुसलीया, माझं कवा इचारलंत?"

टाकी होती त्यांच्या लेकीची, उत्कर्षाची. हिंजवडीच्या कंपनीत पोरगी नोकरीला लागली, पहिल्या पगारातून आईला साडी, बापाला मोबाईल घेतला आणि नंतर हळूहळू हा समुद्र घरात आणला. हिरवी तर अंगठ्याएवढा तुकडा होती, तेव्हापासून तिने वाढवलेली. मग कंपनीने तिला जर्मनीला धाडलं. निघताना तिने बापाला टाकीपाशी उभं करून सगळं शिकवलं होतं.

"आबा, पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागं राहतं. म्हणून या रेघेपर्यंत साधं फिल्टरचं पाणी घालायचं. या पांढऱ्या कॅनमधलंच. दुसरं कुठलंच नाही."

"म्हंजी दगडं राखायची व्हय मी?"

"दगड नाहीत हो! जिवंत जनावरं आहेत. एका जागी बसून खाणारी."

"बरी हायेत की मग. मागं हिंडावं लागत न्हाई."

असं थट्टेत बोलला खरा. पण पोरगी गेली आणि घर इतकं सुनं झालं, की टाकीतल्या पंपाची गुरगुर ही घरातली सगळ्यात मोठी बोलाचाली ठरली. बिरूला फोनवर बोलता येत नसे. उत्कर्षा पुण्यात शिकायला होती तेव्हाही त्याचं सगळं संभाषण एका दमात संपायचं: "बरं हाय. आईला देतो." पोरीची आठवण येते हे कसं सांगायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण आता रोज संध्याकाळी फोन यायचा आणि ती आधी आबांनाच मागायची. हिरवीने आज किती बोटं सोडली, बटणासारखी ती तांबडी कोरलं फुलली का, काच पुसणाऱ्या गोगलगाई कुठवर चढल्या... मग बिरूची गाडी अशी सुटायची, की बानूबाई शेजारी बसून आपल्या पाळीची वाट बघून पेंगायला लागायची.

बिरूच्या मनात पक्कं बसलं होतं, की ही दगडं आहेत म्हणून पोरगी आपल्याशी बोलते. दावं तुटलं की जनावर गेलं.

आणि आता हिरवी मिटली होती.

याचं मूळ होतं एकादशीच्या कीर्तनात. बिरू कीर्तनवेडा. वीणा खांद्यावर चढली, मृदंगावर थाप पडली, की त्याला घर, मेंढरं, बायको, कशाचंच भान उरत नसे. त्या दिवशी बुवांनी निरूपणाला घेतला होता अतिथी. गाता गाता थांबले, उपरणं सावरलं आणि दृष्टांत दिला: "देवाला तांब्याच्या कलशातलं पाणी, आणि दारात आलेल्या पाहुण्याला प्लास्टिकच्या बाटलीतलं? अरे, पाहुण्यात देव बघायचा असेल, तर त्याला पाणीही देवाचंच दे!"

टाळांचा असा गजर झाला, की बिरूच्या अंगावर काटा आला. त्याच्या डोळ्यांपुढे पांढरा प्लास्टिकचा कॅन उभा राहिला. कुठल्या समुद्रातून आलेले जीव, आपल्या देव्हाऱ्याशेजारी पाहुणे म्हणून बसलेत, आणि आपण त्यांना काय पाजतोय!

त्या संध्याकाळपासून कॅनमधलं पाणी चिंचेने घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या हंड्यात जाऊ लागलं. रात्रभर तिथे निवायचं आणि सकाळी तांब्याच्याच गडूने, नाम घेत घेत, टाकीत. पाणी पांढऱ्या कॅनमधलंच होतं. पोरीचा शब्द काही मोडला नव्हता. पाण्याला फक्त वाटेत एक मुक्काम दिला होता.

आधी गोगलगाई काचेवरून सुटून खाली पडल्या आणि पडूनच राहिल्या. मग बटणं आक्रसली. मग हिरवी मिटली. टाकीतले मासे मात्र पैलवानांसारखे हुंदडत होते. त्यामुळे दोष पाण्याचा असेल, हे बिरूच्या स्वप्नातही आलं नाही.

त्याने मेंढरांचा वैदू होऊन तपासणी सुरू केली. कान बघावे तर कान नाहीत. डोळ्यांची पापणी उलटावी तर डोळे नाहीत. लेंडी बघावी, तर ती कुठून टाकतात हेच ठाऊक नाही. शेवटी त्याने ठरवलं, थंडी बाधली. त्याने घोंगडं आणलं आणि टाकीभोवती गुंडाळलं.

"पान्यातल्याला कसली थंडी वो?" बानूबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय? जित्राब गप झालं की आदी ऊब द्यावी."

घोंगड्याने हिरवीचा उजेडही गेला. ती आणखी आवळली. मग बिरूला आठवली शेजारची साळूबाई. मागच्या आठवड्यात येऊन टाकीला नाक लावून उभी होती.

"अंगठीतलं पवळं म्हंजी ह्येच की, बिरूभाऊ! मंगळाला चालतंय म्हनं. वाईच तुकडा मोडून द्या. पोराचं लगीन जमंना."

"हात लावशील तर बघ," असं म्हणून बिरूने तिला वाटेला लावलं होतं. आता त्याला कोडं उलगडलं. नजर! त्याने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि टाकीवरून ओवाळायला सुरुवात केली.

"अवो, मिठाच्या पान्यात बसल्याल्यास्नी मीठ काय ओवाळताय!" बानूबाईने कपाळाला हात लावला.

नजरही उतरेना. तेव्हा बिरूने रामबाण काढला. आजाऱ्याला तीर्थ जास्त द्यावं. त्याने टाकीतलं पाणी बादलीभर काढून टाकलं आणि तेवढंच हंड्यातलं घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेजारी मोबाईलवर कीर्तन लावून ठेवलं. बटणांचा रंग उडून ती शिळ्या भाकरीच्या तुकड्यांसारखी दिसायला लागली.

आणि संध्याकाळी नेमाने फोन वाजायचा.

"आबा, हिरवीचा फोटो पाठवा ना. आठवण येते तिची."

तिची येते, बिरूच्या मनात आलं. त्याने मोबाईलमधला जुना फोटो शोधून पाठवून दिला.

"अय्या! किती फुललीये! आबा, तुम्ही माझ्यापेक्षा छान सांभाळताय तिला."

खोट्याचं फळ काय मिळतं, हे त्याने आजवर इतक्या बुवांकडून ऐकलं होतं, की पुढचं सगळं त्याला तोंडपाठ होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा जुना फोटो पाठवला. जुने फोटो संपत आले, आणि नेमकं एक दिवस दुपारीच फोन करून पोरगी म्हणाली, "आज ताजा हवा. आत्ताचा. गोगलगाईसकट."

बिरूने घोंगडं काढलं. मेलेली गोगलगाय दिसू नये म्हणून आडवा झाला, उभा झाला, गुडघ्यावर बसला. शेवटी हिरवी झोपल्यासारखी वाटेल अशा बेताने फोटो काढून पाठवला. लगेच फोन वाजला.

"आबा, हिरवी मिटलीये."

"झोपलीया."

"दुपारी?"

"दुपारचं वाईच पडावं मानसानं."

"आबा," पोरीचा आवाज बदलला, "काचेत तुम्ही दिसताय. तुमच्या हातात काय आहे?"

बिरूने हात झटकन पाठीमागे नेला. फोनवर कुणाला दिसत नसतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"गडू."

"कसला?"

"तांब्याचा. चिंचंनं घासल्याला. सोन्यावानी दिसतोय बघ."

मग उत्कर्षा हळूच म्हणाली, "आबा, तांबं उतरतं हो पाण्यात. माशांना थोडं चालतं. पण कोरलला आणि गोगलगाईला ते विष असतं."

"इख? अगं, देवाला चालतं की!"

"देव समुद्रात राहत नाही, आबा!"

"मग क्षीरसागरात कोन निजलंय?"

"तो दुधाचा आहे! हा मिठाचा आहे!" असं ओरडून पोरगी हसली की रडली, ते बिरूला कळलं नाही. पण आपल्या हातून काय झालंय, ते मात्र कळलं. तो खाली बसला. मोबाईल त्याने बानूबाईच्या हातात दिला आणि जन्मात पहिल्यांदा "आईला देतो" हे सुद्धा म्हणाला नाही.

संध्याकाळी वाकडहून पियूष आला. उत्कर्षाचा मित्र, त्याच्या घरी असल्या दोन टाक्या होत्या. गाडीतून त्याने मोजून मीठ कालवलेल्या पाण्याचे ड्रम उतरवले. टाकीतलं बरंचसं पाणी बदललं, कोळशाची पिशवी आत सोडली आणि पाण्याच्या वाटेवर गाळणीसारखी एक पांढरी गादी ठेवली.

"काका, पाण्यात तांबं असेल तर ही निळी पडेल."

बिरू टक लावून बसला. सकाळपर्यंत गादी निळी झाली होती, मोरपंखासारखी निळी. आपण रोज ओतलेली भक्ती अशी रंगाने समोर आलेली बघून त्याची मान खाली गेली.

"पाणी असंच थोडं थोडं बदलत राहायचं," दुसऱ्यांदा आला तेव्हा पियूष म्हणाला. "बटणं धरतील बहुतेक. हिरवीचं सांगता येत नाही. मी उत्कर्षाला आधीच म्हणालो होतो, टाकी मला दे म्हणून. ऐकलंच नाही तिने."

हे बिरूला आणखी लागलं. जाणत्याला सोडून पोरीने आपल्यावर विश्वास टाकला होता.

तो बुवांकडे गेला. बुवा ओसरीवर सुपारी कातरत होते. सगळं ऐकून आधी पोट धरून हसले, मग बिरूचा चेहरा बघून अडकित्ता खाली ठेवला.

"बिरूबा, दृष्टांत एकदेशी असतो, एकाच अंगाने घ्यायचा. चंद्रासारखं मुख म्हटलं, तर मुखावर डाग शोधायचे नसतात. मी तुला भाव घे म्हणालो, तू हंडाच उचललास!"

"चुकलंच, म्हाराज. पर पाव्हन्याला काय पाजावं, ते कळावं कसं?"

"पाहुण्यालाच विचारावं," बुवा म्हणाले. "एवढं सोपं असतं, म्हणूनच कुणी करत नाही."

पुढे कितीतरी दिवस बिरू फोनवर आला नाही. फोन वाजला की तो उरलेल्या चार मेंढरांकडे निघून जायचा. "बरं हाय म्हन," एवढाच त्याचा निरोप. माळावर बसलं की समोर हिंजवडीचे टॉवर दिसत. पोरगी तिथे कामाला होती तेव्हा दिवेलागणीला तो त्यातली एक खिडकी तिची म्हणून ठरवून टाकायचा. ती आताही उजळायची. आता तिथे कुणाची तरी दुसऱ्याची पोरगी.

पाणी मात्र तो पियूषने सांगितलं तसंच बदलत होता. नाम तेच, कॅन प्लास्टिकचा. हंडा बानूबाईने देवापुढे नेऊन ठेवला होता. बटणांना रंग धरला. आणि एका संध्याकाळी, बिरू टाकीपुढे बसून स्वतःशीच अभंग गुणगुणत असताना, हिरवीच्या मुठीतून एक बोट हळूच बाहेर आलं. थबकलं. आणि डोलायला लागलं.

बिरूने मोबाईल उचलला. आजवर त्याने पोरीला कधी आपणहून फोन लावला नव्हता.

"आबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"हिरवीनं बोट सोडलं."

"खरंच? किती?"

"येकच. पर तुझ्याकडं करून."

पलीकडे पोरगी हसली. मग म्हणाली, "इतके दिवस फोनवर का आला नाहीत?"

"कंच्या तोंडानं येऊ? तू विस्वासानं दिल्याली ठेव मी इख घालून मारली. ती गेली आसती तर... तर तू मला इचारलं काय आसतं? आपल्याकडं बोलाया दुसरं हाय काय?"

टाकीतला पंप गुरगुरत राहिला.

"आबा, पियूष टाकी मागत होता."

"सांगितलं त्येनं. द्यायची हुतीस की! आमा आडान्याकडं कशापायी ठिवलीस?"

"त्याला दिली असती, तर तुम्ही फोनवर काय म्हणाला असता? 'बरं हाय. आईला देतो.'"

बिरूने मोबाईल या कानावरून त्या कानाला लावला. दोन्ही कान तापले होते.

"आता कोरलचं राहू दे," उत्कर्षा म्हणाली. "तुम्ही कसे आहात?"

"बरं हा..." सवयीने निघालेला शब्द त्याने मध्येच गिळला. पाहुण्यालाच विचारावं, हे बुवांचं बोलणं त्याला आठवलं. समोर हिरवीचं एकुलतं बोट डोलत होतं. "तू गेल्यापास्नं जरा मिटल्यावानी झालोय, पोरी."

"मग उघडणार कधी?"

"तू आलीस की."

शेजारी येऊन बसलेल्या बानूबाईने पदराने डोळे पुसले आणि मग तिला एकदम राग आला. "आगं उत्के," ती मोबाईलकडे तोंड करून ओरडली, "त्या पियूषला म्हनावं, ह्या आबाचं बी पानी थोडं थोडं बदलत जा! आन् तुमी, द्या हिकडं त्यो फोन. माझी पाळी कवाची हुन गेली!"

पण त्या संध्याकाळी बिरूने फोन काही आईला दिला नाही.