तिहेरी डोस

पाहुणे यायची वेळ होत आली आणि कुंडलिकच्या शिंका काही थांबत नव्हत्या.

डिंगोरे गावात बाजरीच्या मळण्या चालू होत्या. आदल्या दिवशी मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहून त्यानं पोटभर भुसा खाल्ला होता. नाक गळत होतं, डोळे मिरची लागल्यासारखे लाल झाले होते. आणि आज नेमकी लेकीची, हर्षालीची, सोयरीक ठरवायची बैठक.

बैठकीत बोलावं तर कुंडलिकनंच, असं निदान कुंडलिकचं मत होतं. कुणाचं लग्न असो की बांधाचा तंटा, तो मध्ये बसला की दुपारचं जेवण दिवेलागणीला व्हायचं. जुळत आलेल्या एकदोन सोयरिकी त्याच्या बोलण्यानं मोडल्या, असं भावकी म्हणे. लोकांना मुद्दा कळत नाही, असं तो म्हणे. आज मात्र मुद्दा घरचाच होता. हर्षाली जुन्नरला डी.एड. करत होती. "आबा, आधी कोर्स, मग लग्न. एवढं तुम्ही कबूल करून घ्यायचं," असं तिनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं. शिवाय ओतूरकडची मंडळी मोटारसायकल मागणार, ही बातमी त्यांच्या आधीच येऊन पोचली होती. त्यावरची उत्तरं कुंडलिकनं गोठ्यात म्हशीपुढं म्हणून पाठ केली होती. म्हशीला ती पटलेली दिसली होती.

"पावण्यांच्या तोंडावर शिंकला तर उठून जात्याल," रत्ना, त्याची बायको, म्हणाली.

"औषधातलं मला शिकवू नगं."

कुंडलिक स्वतःला अर्धा डॉक्टर समजायचा. घरात कुणाच्याही दुखण्यातून उरलेल्या गोळ्या तो बिस्किटाच्या डब्यात साठवायचा आणि रंगावरून ओळखायचा. पिवळी सर्दीची, गुलाबी अंगदुखीची आणि पांढरी कशावरही. त्यानं एक पिवळी घेतली. थोडा वेळ वाट पाहिली. शिंक आली. त्यानं दुसरी पिवळी घेतली.

तोवर रत्नानं दुकानातून सर्दीची निराळी गोळी मागवली होती. ती चहाबरोबर पुढं आली. या गोळीचा रंग वेगळा, पाकीट वेगळं, म्हणजे औषधही वेगळं, असा विचार करून कुंडलिकनं तीही गिळली. मग त्याची म्हातारी चुलती, साळुबाई, स्वतःच्या खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आली.

"दोन घोट घे बाबा. घसा मोकळा व्हईल. तुला लई बोलायचं असंल ना आज?"

हे मात्र कुंडलिकला अगदी पटलं. त्यानं जरा मोठेच घोट घेतले.

शिंका थांबल्या. फक्त डोळे तेवढे झोंबत होते. म्हणून वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा लावून तो भिंतीला टेकून गादीवर बसला. आरशात त्याला स्वतःचं रूप फारच भारदस्त वाटलं होतं.

पाहुणे आले. नवरामुलगा भरत, त्याच्या भावकीतली चारदोन मंडळी आणि पुढारपण करायला भरतचा चुलता कुशाबा.

"राम राम, पावणं!"

"राम राम," कुंडलिक म्हणाला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. तोंडात बाजरीचं कोरडं पीठ कोंबल्यासारखं झालं. तांब्याभर पाणी प्यायला तरी तीच गत. मग अंगावर कुणीतरी गोधडी टाकावी तशी झापड आली. चष्म्याआड कुणाला दिसतंय, जरा डोळे मिटावेत, एवढंच त्याला आठवत होतं. पुढचं सगळं त्यानं नंतर रत्नाच्या तोंडून ऐकलं.

कुशाबानं घसा साफ केला. "तर कुंडलिकराव, आमच्या भरतला कामावर जायाला गाडी पायजे, असं आमच्या भावकीचं म्हननं हाय."

कुंडलिक ढिम्म.

"म्हंजे, नवीच पायजे असं काय न्हाई."

कुंडलिकच्या नाकातून बारीक गुरगुर आली.

"ऱ्हाऊ द्या गाडी!" कुशाबा घाईनं म्हणाला. "पोरगं कमावतंय. घेईल त्याचं त्यो."

भावकीतला एकजण पुढं सरकला. कुशाबानं त्याची मांडी दाबली. "गप ऱ्हा. मानूस तापलाय, दिसत न्हाई का?" मग पुन्हा कुंडलिककडं वळून, "निदान अंगठी तरी..."

गुरगुर वाढली.

"अंगठी बी ऱ्हाऊ द्या."

हर्षाली दाराआड उभी होती. आबा आता बोलतील, मग बोलतील, म्हणून तिनं बरीच वाट पाहिली. शेवटी चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली आणि ट्रे ठेवून तिथंच उभी राहिली.

"माझा कोर्स पुरा व्हायचाय," ती म्हणाली. "तो झाला की लग्न. आणि लग्नानंतर मला नोकरी करायचीय. आबांचंही हेच म्हणणं आहे."

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबांची मान हळूच खाली आली, वर गेली आणि पुन्हा छातीवर टेकली.

"मंजूर!" कुशाबानं मांडीवर थाप मारली. भरत पहिल्यांदाच मोकळा हसला.

निघताना कुशाबानं कुंडलिकला हाताला धरून उठवलं आणि मिठी मारली. कुंडलिक त्याच्या खांद्यावर पडला तो पडलाच. "लेकीचा बाप हाय, भरून आलं," असं म्हणत साळुबाईनं डोळ्याला पदर लावला. पाहुण्यांनीच त्याला अलगद गादीवर बसवलं आणि ते जीपमध्ये बसून गेले.

त्यानंतर मात्र रत्नानं हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तरी कुंडलिक धड जागा होईना. छाती धडधडत होती, अंग तापलं होतं, आणि मध्येच डोळे उघडून तो म्हशीशी बोलत होता. म्हैस गोठ्यात होती. रत्नानं हंबरडा फोडला. शेजाऱ्यांच्या जीपमधून त्याला जुन्नरला नेलं, तेव्हा हर्षाली त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती.

डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं आणि बाटली पाहून कपाळाला हात लावला. कुंडलिक शुद्धीवर आला तेव्हा ते त्याचीच वाट पाहत होते.

"या सगळ्यांत झोप आणणारं एकच औषध आहे. नावं वेगळी म्हणून तुम्ही सगळंच घेतलंत? मोटारसायकलवर बसला असता तर? जास्त झालं असतं तर हृदयावर गेलं असतं. थोडक्यात वाचलात."

"आवं, पन रंग वेगळा व्हता," कुंडलिक क्षीण आवाजात म्हणाला. बोलल्यावर ते त्याचं त्यालाच इतकं मूर्खपणाचं वाटलं, की त्यानं चादर तोंडावर ओढून घेतली. चादरीआडून त्यानं विचारलं, "पावणं गेलं का?"

"गेले, सगळं ठरवून गेले," हर्षाली डोळे पुसत हसली. तिनं आणि रत्नानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता कुंडलिकला लाजही वाटली आणि थोडं वाईटही. इतकी पाठ केलेली उत्तरं, एकही लागलं नव्हतं.

ओतूरकडं मात्र त्याचं नाव झालं. कमी बोलणारा, लेकीला बोलू देणारा, वजनदार माणूस! साखरपुड्याला आलेला प्रत्येकजण त्याच्याशी अदबीनं वागू लागला, तसं त्याला ते खायला उठलं. शेवटी कुशाबाला बाजूला घेऊन त्यानं सांगून टाकलं.

"कुशाबा, मी काय वजनदार बिजनदार न्हाई. त्या दिशी सर्दीच्या गोळ्या खाऊन झोपलो व्हतो. तुमचं एक अक्षर ऐकलं न्हाई."

कुशाबानं तंबाखू मळता मळता इकडंतिकडं पाहिलं.

"मला ठावं व्हतं की! नाकातल्या गुरगुरीवरनंच वळखलं. गळ्यात पडला तवा तर घोरनं थेट माज्या कानात. मळणीनं दमलाय म्हनलं, झोपू द्यावा."

"आं? मग गाडी, अंगठी का सोडली?"

"त्या मागन्या भावकीच्या, राव. मला पोरगी पसंत व्हती. पन भावकीदेखत मागितल्याबिगर सुटका न्हाई, आन् तुमचा लौकिक ऐकून व्हतो. तुमी जागं असता तर वाद घातला असता. मग मला बी इरेला पडून मागावं लागलं असतं." त्यानं तंबाखूची चिमूट पुढं केली. "म्हनून तुमी जागं व्हायच्या आत उरकून घेतलं."

यावर बोलण्यासारखं कुंडलिककडं पुष्कळ होतं. तोंड उघडलंही होतं. पण मांडवाच्या टोकाला भरतला काहीतरी सांगत खळखळून हसणारी हर्षाली त्याला दिसली, आणि त्यानं ते मुकाट्यानं मिटलं.