रिकामा रकाना

यंत्राला कामाला जुंपायचं म्हणजे काय हो मोठंसं? तेहेतीस वर्षं मी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली आहेत. कागद आला, शिक्का मारला, नोंदवहीत चढवला, ज्याच्या त्याच्या टेबलावर धाडला. बोटं कार्बनने निळी, नाकात लाखेचा वास. पण एक पत्र कधी भलतीकडे गेलं नाही! त्यामुळे नात जेव्हा म्हणाली, "आजी, हल्ली हे सगळं ऑटोमेशनने आपोआप होतं," तेव्हा मी नुसती हसले.

"आपोआप म्हणजे कोण करतं?"

"कोणीच नाही."

"आमच्याकडेही असे तिघे होते," मी म्हटलं.

काम होतं जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्याचं. माणसं बेचाळीस. पण खरं सांगते, हा सगळा घाट एकीसाठीच होता. आमची टायपिस्ट! बोटं अशी चालायची की अख्खी कचेरी तिला 'खटखट' म्हणायची. माझी जिवाभावाची मैत्रीण. माझ्या निरोप समारंभात मी साहेबांपासून छतावरच्या पंख्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि नेमकी तिलाच विसरले! एक तप लोटलं, बाई माझ्याशी बोललेली नाही.

नातीने येणार की नाही हे विचारणारा फॉर्म बनवून दिला आणि वर्कफ्लो, म्हणजे कामाची साखळी, कसा जोडायचा ते शिकवलं. तीन रकाने. काय घडलं की? कोणत्या अटीवर? मग काय करायचं? एवढं सांगून ती कॉलेजात गेली.

पहिल्यात मी लिहिलं : कोणी फॉर्म भरला की. तिसऱ्यात, न येणाऱ्यांसाठी, माझ्या जुन्या वळणाचं पत्र : 'आपण येणार नसल्याची नोंद घेण्यात आली आहे. आपल्या निर्णयाचे स्वागत आहे.' मधल्या अटीच्या रकान्यात काय घालावं ते कळेना. पत्रातच 'येणार नसल्याची' म्हटलंय, मग येणाऱ्याला ते जाईलच कशाला? सोडला रिकामा. आमच्याकडे रिकामा रकाना म्हणजे निरंक, कळवण्यासारखं काही नाही. तेहेतीस वर्षं असंच चाललं!

फॉर्म बेचाळीस जणांना गेला. पाचव्या मिनिटाला पडद्यावर पहिलं उत्तर उमटलं. खटखट! 'येणार.' माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसतेय तोच फोन वाजला. आमच्या कचेरीचे जुने ड्रायव्हर होते.

"बाई, मी येणार म्हणून लिहिलं आणि तुम्ही माझ्या न येण्याचं स्वागत करताय?"

"काय?"

"पुन्हा फॉर्म भरला. पुन्हा स्वागत! पाचदा भरला, पाचदा स्वागत!"

यंत्राच्या लेखी रिकामा रकाना म्हणजे सरसकट सगळे! म्हणजे खटखटलाही... बारा वर्षांनी तिने एक शब्द टाकला, आणि मी तिला काय धाडलं? आपल्या निर्णयाचे स्वागत आहे!

फोन नुसता पेटला. नव्वदीतले साहेब थरथरत्या आवाजात म्हणाले, "मी जिवंत आहे हे तुम्हाला अडचणीचं वाटतंय का?" मी तिरीमिरीत संगणक बंद केला, वायर उपटली. तरी पत्रं जातच राहिली! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! घाबरून नातीला फोन लावला.

"आजी, ते आपल्या संगणकात नाहीच चालत. तिकडे चालतं."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"कुठेही."

अहो, आगसुद्धा कुठे लागलीय ते कळतं!

"थांब, मी इथूनच बंद करते," नात म्हणाली आणि तिने ते केलंही. पण सुटलेला बाण कोण परत आणणार? खटखटला फोन करायला हात धजेना. पत्र लिहावं तर माझ्या पत्रांनीच घात केलेला.

तासाभरात दारावर थापा पडल्या. खट खट खट! उघडलं तर दारात खटखट. केस पांढरे झालेले, नाकपुड्या फुललेल्या, हातात मोबाइल.

"सात वेळा! मी सात वेळा 'येणार' लिहिलं! एकदा विसरलीस ते मी गिळलं असतं, पण आता सातदा हाकलतेस?"

"अगं, मी नाही गं! ते आपोआप..."

"आपोआप? ही भाषा तुझी नाही? 'नोंद घेण्यात आली आहे' असं जगात दुसरं कोण लिहितं?"

मी तिला आत ओढलं, वायर पुन्हा खोचली, ते तीन रकाने दाखवले. ती चष्मा सरसावून बराच वेळ बघत राहिली.

"मधला रिकामा का?"

"निरंक," मी खाली मान घालून म्हटलं.

"मग बरोबर आहे की!" ती म्हणाली. "यंत्रच अडाणी आहे."

मला रडूच कोसळलं. म्हटलं, "म्हणजे तू मला माफ केलंस?"

"माफ? अजून भांडण कुठे झालंय?" तिने खुर्ची ओढली. "बारा वर्षांचं साठलंय माझं. तो फोन बाजूला ठेव आणि मुकाट्याने ऐक."

आज तिसरा दिवस आहे. ती सकाळी नऊला येते, सहाला जाते. आम्ही आत्ताशी दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत आलोय.