सोलोमनकाका आणि सहा घरांचं चाक

सोलोमनकाका आमच्याकडे जेवायला आले की माझ्या घडीच्या पोळीचे पदर सोडवत आणि मधल्या फटीत एक पोलादी पट्टी सारत. फटी मोजायच्या असल्या पातळ पट्ट्यांचा जुडगा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असे. “तीन नंबर जाते गो बाय. आज कणीक बरी मळलीस.” माझ्या सासूबाईंनीही एवढी तपासणी कधी केली नव्हती, आणि त्या काही कमी नव्हत्या.

काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. इकडे परदेशात, विंडसरच्या मोटारींच्या कारखान्यात टूलमेकर होते. “आम्ही शनवार तेली, शनवारी घाणा बंद,” असं ऐटीत सांगत. शुक्रवारी सूर्य बुडाला की हत्याराला हात नाही, शनिवारी मोटारीत पाय नाही, असा त्यांचा शाब्बाथ. लेआकाकी गेल्यापासून घरात एकटे. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या दारांच्या फटी त्यांनी मोजल्या होत्या, कोणी बोलावलेलं नसताना.

पलीकडच्या घरात वॉल्टर, तोही विधुर. दोघे टोमॅटोवरून भांडत, कुंपणावरून भांडत. पण शनिवारी बर्फ पडलं की काकांच्या दारापुढचं बर्फ वॉल्टर न सांगता शोव्हल करून जाई. त्याबद्दल काकांनी कधी थँक्यू म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

या वॉल्टरकडे त्याच्या वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. त्याच्या गोळ्या भरायच्या सहा घरांच्या चाकाला तडा गेला. नवं चाक पार्सलने आलं, ते बसवायला काकांनी घेतलं. एरवी मी बंदूक पाहिली की दहा हात लांब, पण त्या शुक्रवारी दुपारी डबा द्यायला बेसमेंटमध्ये गेले आणि अडकले. शनिवारी क्लबात नेमबाजी होती. “काम होवो न होवो, उद्या मी डॅडचीच गन उडवणार,” असं वॉल्टर सांगून गेला होता.

“घोडा मागे ओढला की चाक एक घर फिरतं,” काका मान वर न करता म्हणाले. “ते घर नळीसमोर नीट आलं नाही, तर गोळीचं शिसं चिरडून बाजूला उडतं. डोळ्यात.”

पाच घरं मऊ फिरली. सहावं अडलं.

काकांनी चाक काढलं, मेणबत्तीवर धरलं. बाळाला काजळ घालावं तशी त्याला काजळी धरली, परत बसवून फिरवलं. जिथली काजळी पुसली गेली, तिथे घासत होतं. त्या जागी बारीक दगडाचे दोन हात फिरवायचे, पुसायचं, परत काजळी. खिडकीत ऊन उतरायला लागलं.

“काका, जरा जोरात घासा की.”

“घाई केली की लोखंड रुसतं. जास्त गेलं तर परत चिकटवणार कोण, तुझी कणीक आहे का ती?”

शेवटी सहाही घरं फिरली. नळी आणि चाकामधल्या फटीत पट्टी सहा वेळा सारखीच गेली. उघड्या पडलेल्या जागी गंज धरू नये म्हणून निळी झिलई लावून काका उठले. बार करून पाहिल्याशिवाय ते द्यायचं नव्हतं, म्हणून वॉल्टरला घेऊन लगेच क्लबात निघालो. गाडी मीच चालवायची ठरली, कारण क्लबात गेला की वॉल्टर गप्पांतून उठत नाही, आणि काकांना सूर्यास्ताच्या आत घरी पोचायचं होतं.

तिथे वॉल्टरनं हात पुढे केला. “गिव्ह इट हिअर, सॉल. इट्स माय डॅड्स.”

“यू स्टँड बॅक.”

“तुला काय माझ्यावर भरवसा नाही?” तो इंग्रजीत चिडून म्हणाला. काकांनी त्याला मागच्या भिंतीआड ढकललं आणि स्वतः उभे राहिले. पाच बार झाले. सहाव्याला घोडा ओढून ते थांबले. मग बार झाला. काकांनी शिशाचा कण उडालाय का म्हणून स्वतःचा हात उलटसुलट पाहिला आणि रिव्हॉल्व्हर वॉल्टरला दिलं. “नाऊ यू.”

वॉल्टरला त्याच्या दारात सोडलं आणि मी काकांच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांच्यावर उखडले. “तुमचा डोळा गेला असता म्हणजे?”

“माझा गेला असता तर वॉल्टर आहे गो. त्याचा गेला असता तर मी कोणाकडे बघायचं?” त्यांनी घाईघाईनं शाब्बाथचा दिवा लावला.

मागच्या दारातून गार वारा येत होता. दार वाकलेलं, बोटभर फट. मी म्हटलं, जगाच्या फटी मोजता आणि हे?

“ती राहू दे. खिडकी पडली रस्त्याकडे. वॉल्टरच्या किचनचा दिवा इथूनच दिसतो. लागला की कळतं, तो आहे.”

फटीसमोर एक खुर्ची होती. काका कोट न काढताच तिच्यावर बसले. मीही तिथेच थांबले, का ते माहीत नाही. बऱ्याच वेळानं पलीकडे पिवळा उजेड पडला.

“लागला,” काका म्हणाले, आणि मग त्यांनी बूट काढले.