आधी नुसता खवा

पेढा आणि बर्फी एका ताटात दिसली की डोकं फिरणारी बाई तुम्ही पाहिली आहे? आमच्या नोएडातल्या सोसायटीत आहे, चौथ्या मजल्यावर. दारावर पाटी 'डॉ. एन. साळुंखे'. पाटी वाचून कुणी तापाची गोळी मागायला गेलं की आतूनच ओरडतात, "मैं मुर्गी वाली डॉक्टर हूँ!" नोकरीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यातला गर्भ बघण्यात गेली. त्यात अंडाशय होणार की वृषण, ते कोणती जनुकं कधी ठरवतात, हा बाईंचा विषय. लग्न केलं नाही, कुणी येणारं-जाणारं नाही. विषय मात्र लिफ्टमध्येसुद्धा काढतात. माणसं जिन्याने जातात.

अशा बाईला मी माझ्या डोहाळजेवणाला बोलावलं. मला पहिली मुलगी, आता ही दुसरी खेप. सासूबाई पुण्याहून आलेल्या, आणि आल्यापासून एकच धोशा, "या वेळी पेढाच हं!" ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

दोन पालथ्या वाट्या समोर आल्या. एकीखाली पेढा म्हणजे मुलगा, दुसरीखाली बर्फी म्हणजे मुलगी. मी हात पुढे केला तोच बाई कडाडल्या, "तू कशाला उचलतेस?"

"अहो, रीत आहे, डॉक्टरबाई," सासूबाई म्हणाल्या.

"रीत कसली डोंबलाची! गर्भात आधी नुसता खवा असतो. मुलगा असो, मुलगी असो, अगदी सारखा! मग काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात, तेव्हा कुठे पेढा की बर्फी. ते केव्हाच होऊन गेलंय. कोंबड्यांत ठरतं आईकडून, माणसांत बापाकडून. ही काय कोंबडी आहे? काय हो चिरंजीव, तुम्ही उचला वाटी!"

माझा नवरा ऑफिसचा कॉल सोडून, गळ्यात हेडफोन घेऊनच वाकला. बर्फी निघाली. सगळ्या बायका खो खो हसल्या आणि सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला बाईंचाही रागच आला. माझ्या डोहाळजेवणात हे व्याख्यान कुणी मागितलं होतं?

मुलगीच झाली. सासूबाई दवाखान्यात म्हणाल्या, "असू दे." असू दे? गळकी बादली आहे का ती?

बारशाला आत्या हवी आणि नवऱ्याला बहीण नाही. मी तडक चौथा मजला गाठला. "आत्या तुम्ही व्हायचं," म्हटलं.

बाईंनी एकदा दारावरच्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला नाही गं येत ते. माझं बारसं झालंच नाही. मी चौथी मुलगी. पाटीवरचा 'एन' बघितलास ना? नकोशी."

तरी आल्या. कोरी साडी नेसून पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या कानात कितीतरी वेळ बोलत राहिल्या. नाव तर नुसतं 'रेवा' होतं.

"एवढं काय सांगत होतात?" मी विचारलं.

"नाव सांगितलं," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि म्हटलं, सगळे तुझीच वाट बघत होते."

पुराव्याशिवाय एक शब्द न बोलणारी बाई धडधडीत खोटं बोलली होती. सासूबाई पाळण्याशीच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.