निळ्याचं घर

रॉडनीने जेवणाच्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या: वृद्धाश्रमाचं गुळगुळीत माहितीपत्रक आणि काचेच्या गोल भांड्यातला एक गोल्डफिश.

"आई, तिथे मासा ठेवायला परवानगी आहे. मी विचारून आलोय. एवढंसं भांडं असेल तर चालतं."

बर्नडीन वॉयचिक यांनी विस्कॉन्सिनच्या बर्फात आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या, आणि मागच्या हिवाळ्यात पायरीवरून घसरल्यापासून मुलाने वृद्धाश्रमाचा धोशा लावला होता. बर्फ, जिना, किटलीवर चुन्याची पुटं चढवणारं विहिरीचं जड पाणी... त्याला या घरात काहीच धड दिसत नव्हतं. बाईंना मरायचं होतं ते इथेच, आणि तेही सवडीने.

त्या भांड्याकडे बघत राहिल्या. मासा गोल गोल फिरत होता.

"याला बिचाऱ्याला आधीच टाकलंय की आश्रमात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोल्डफिश शेजारणीच्या बागेतल्या तळ्यात गेला आणि बाई ऑझीच्या माशांच्या दुकानात. ऑझी लहानपणी त्यांच्याच बसने शाळेत जायचा. आता त्याचं डोकं पांढरं झालं होतं, तरी बाई समोर आल्या की तो ताठ उभा राहायचा.

"सगळ्यात भांडकुदळ मासा कुठला रे?"

"आफ्रिकन सिक्लिड. मलावी सरोवरातले. पण बाई, ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

"तेच दे."

"त्यांना जड पाणी लागतं. चुन्याचं."

"माझ्या नळाला दुसरं येतच नाही," बाई तोऱ्यात म्हणाल्या.

ऑझीने चार फुटी टाकी दिली, पाणी माशांना मानवेल असं व्हायला महिनाभर थांबवलं आणि मग सहा मासे दिले. संध्याकाळपर्यंत त्यातल्या निळ्याने बाकीच्या पाच जणांना हीटरमागे कोंबलं. बाईंनी फोन लावला.

"मासे कमी पडले, बाई," ऑझी म्हणाला. "गर्दी असली की दादाला कळत नाही कुणाच्या मागे लागायचं."

बाईंना हे लगेच पटलं. बस अर्धी रिकामी असली की मारामाऱ्या जास्त, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी आणखी पंधरा आणले. मग गर्दीला टाकी पुरेना, म्हणून सहा फुटी टाकी आली. ती घरातल्या बोळातून वळेना. बाई स्वतःच एका बाजूने उचलायला लागल्या, तेव्हा धावत आलेल्या रॉडनीने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, तू हात लावू नकोस. मी बघतो."

त्याने दिवाणखान्याची खिडकी चौकटीसकट काढली, टाकी आत घेतली, खिडकी परत बसवली. एवढं वजन पेलणार नाही म्हणून तळघरात जाऊन जमिनीला खालून टेकू दिले. पिकअपभर चुनखडीचे दगड आणले. टाकीखालच्या स्टँडचा एक कोपरा डगमगत होता.

"काहीतरी पातळ दे गं," तो खालून म्हणाला. बाईंनी हाताला लागलं ते दिलं, त्याने घडी घालून सारलं.

"हे शेवटचं," तो म्हणाला. पुढच्या शनिवारी तो परत आला, मासे बघायला. त्याच्या पुढच्याही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मात्र तो निरोप घेऊन आला. आश्रमात खोली रिकामी झाली होती, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. बाई टाकीकडे वळल्या. टाकीत निळ्याने एका पिवळीचे पर फाडून ठेवले होते.

"ऑझी म्हणतो, सगळे दगड हलवायचे," त्या म्हणाल्या. "हद्द मोडली की माज उतरतो."

रॉडनीने बाह्या सारल्या आणि दगड इकडचे तिकडे केले. निळा आपल्या कपारीपाशी आला. तिथे कपार नव्हती. दोन फेऱ्या मारून तो फिल्टरखाली जाऊन उभा राहिला, फिकट पडला.

"बघ आई," रॉडनी खुशीत म्हणाला. "जागा बदलली तर कसा शांत झाला."

"शांत नाही झालेला," बाई म्हणाल्या. "घर गेलंय त्याचं."

त्यांचा आवाज कापला, आणि त्याचाच त्यांना राग आला.

रॉडनीने फिल्टरखालच्या निळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग त्याने पुन्हा हात पाण्यात घातला आणि एकेक दगड होता तिथे ठेवला.

"पिवळीला त्या टोकाला वेगळा आडोसा कर," बाई मागून म्हणाल्या. त्याने तोही केला. तेवढ्यात निळा आला, कपार तपासली, रंगात आला आणि रॉडनीच्या बोटाला कडकडून चावला.

"हरामखोर," रॉडनी कौतुकाने म्हणाला. हात पुसत त्याने खिशातून फोन काढला. "नाही म्हणून कळवतो त्यांना. नंबर त्या पत्रकावर होता. कुठंय ते?"

बाईंनी स्टँडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तूच सारलंयस," त्या म्हणाल्या. "हवं असेल तर टाकी उचल."