पियानोला गंध

तातेराव मास्तरांनी पियानोसाठी बारा छोट्या चिजा बांधल्या होत्या आणि त्यांच्या मते एकीलाही नावाची गरज नव्हती! 'हर्ष' वाजला की माणूस हसणार, 'विरह' वाजला की रडणार. "बहिऱ्यालासुद्धा कळेल!" असं ते कळमनुरीभर सांगत सुटले होते.

शेवटी सोनाजी पाटलांनी त्यांना शब्दांत पकडलं. "मास्तर, दसऱ्याला सोनं द्यायला तुमच्याकडंच येतो. नाव सांगू नका, नुसतं वाजवा. लोकायला भाव कळला तर तुमच्या चिजांची वही छापून देतो. न्हाई कळला तर पुन्हा इषय काढू नका!"

सात वर्षांची मेहनत होती त्या वहीत. तरी मास्तर छाती फुगवून "व्हय" म्हणाले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातलं हत्यार पुजायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. मंजुळाबाईंनी विळी पुजली, कुऱ्हाड पुजली आणि नवऱ्याचं हत्यार म्हणून पियानोही पुजला. वर धुतलेलं धोतर पांघरलं. हिंगोलीच्या छावणीच्या लिलावातून आल्यापासून त्या पियानोचा एवढा मान कुणी केला नव्हता!

दसऱ्याला बैठक भरली. मास्तरांनी ऐटीत पियानोवरचं धोतर ओढलं, झाकण उघडलं आणि बघतात तर काय! प्रत्येक पट्टीवर वाळलेलं गंध, वर कुंकू आणि चार-चार अक्षता!

"अगं, हे काय?" मास्तर बायकोकडे बघत पुटपुटले.

"एकीला लावायचं अन् दुसरीला न्हाई, बरं दिसतं का?"

मास्तरांनी देवाचं नाव घेऊन 'हर्ष' सुरू केला. अक्षता फटींत शिरलेल्या. दाबलेली पट्टी वर येईना! उरल्यासुरल्या चार पट्ट्या अडखळत, कण्हत बोलू लागल्या. शेजारच्या चतुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बाई, सासरी गेलेली लेक आठवली!"

घाबरून मास्तरांनी 'विरह' धरला. पट्ट्या सुटाव्यात म्हणून कोपरानं दणके घातले. त्या ताडकन उसळल्या आणि अक्षता थेट पाटलांच्या मिशीत! बैठक हसून लोळली. "वाह मास्तर, मजा आ गया!" अत्तरवाले अल्लाबक्ष ओरडले.

सात वर्षं कयाधू नदीत बुडाली, असं मास्तरांना वाटलं. रडूच यायचं बाकी होतं.

पाटील मिशी झटकत म्हणाले, "पहिली दुःखाची, दुसरी आनंदाची. बराबर?"

मास्तरांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा पाटलांकडे. "बराबर!" ते हळूच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नावांची अदलाबदल करून टाकली.

पुढच्या आठवड्यात पियानो साफ करून त्यांनी पाटलांना सगळ्या चिजा नीट वाजवून दाखवल्या. पाटलांनी तोंड वाकडं केलं. "हे काहून असं वाजून राहिलं? त्या दिवसाची मजा न्हाई!"

वही छापून आली. पहिल्याच पानावर वादकांसाठी सूचना होती: 'वाजवण्यापूर्वी प्रत्येक पट्टीस गंध लावून चार अक्षता वाहाव्यात.' मास्तरांनी ती मोठ्या अभिमानानं बायकोला वाचून दाखवली.

मंजुळाबाईंनी भोळेपणानं विचारलं, "मंग ह्याच्यात तुमचं काय हाय?"