पाहुणे भिगवणला पोचलेत

माणूस वर चढतो तो कधीतरी खाली येण्यासाठी, हे शास्त्रीय सत्य आपल्याकडे अजून सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायचं आहे. तोवर रोलर कोस्टरचा इतिहास थोडक्यात सांगून टाकू. तीन-चारशे वर्षांपूर्वी रशियातली माणसं बर्फाच्या टेकाडावरून घसरू लागली. पुढं फ्रान्सात त्या घसरगाडीला चाकं लागली, अमेरिकेत कोळशाच्या खाणीतल्या गाडीत हौशी लोक बसू लागले, आणि अखेर लासुर्ण्याच्या शिवारात 'नीराकाठ सहकारी रोलर कोस्टर संस्था' स्थापन झाली. मधल्या काळात जगात काही विशेष घडल्याची नोंद संस्थेच्या अहवालात नाही.

यंत्र साधं आहे. कारखान्यात उसाच्या मोळ्या वर चढवते तसली एक साखळी गाडी ओढत टोकावर नेते. तिथला ब्रेक सोडला की पुढं गाडी आपल्याच वजनानं पळते. इंजिन नाही, ड्रायव्हर नाही. (ड्रायव्हरच्या जागेसाठी एकशे चाळीस अर्ज आले. तिघांना घेतलं.) बसण्याची पद्धत ऊसतोडीसारखीच: आधी नोंद, मग पाळी, मग पाळी मागं का पडली याची चौकशी.

निरवांगीच्या सिंधुबाईंची नोंद सगळ्यात आधीची. वय चौसष्ट. त्यांना ना उंची बघायची होती, ना वेग. त्यांना ओरडायचं होतं. सासरी आल्या तेव्हा सासूबाईंना मोठा आवाज चालत नसे. त्या गेल्या तर सून आली, आणि सुनेसमोर ओरडणं बरं दिसेना. मग नातवंडं झोपलेली असायची. अशी बेचाळीस वर्षं गेली. एकदा नात संस्कृतीनं मोबाईलवर रोलर कोस्टर दाखवला. त्यात बायका जीव खाऊन ओरडत होत्या आणि काय झालं म्हणून कुणी विचारतसुद्धा नव्हतं. सिंधुबाईंनी दुसऱ्याच दिवशी नोंद केली.

उद्घाटनाची फीत जमिनीवर कापणं हा एवढ्या उंच संस्थेचा अपमान ठरेल, म्हणून ती टोकावर बांधली. पहिल्या रांगेतली एक सीट प्रमुख पाहुण्यांच्या मानाची. पाहुणे यायचे होते, म्हणून तिथं शाल आणि नारळ ठेवला (नारळालाही पट्टा लावला). शेजारी महिला प्रतिनिधी हवी, फोटोसाठी, तिथं सिंधुबाई. मागं चेअरमन मानसिंग आबा आणि नऊ संचालक. खाली, टोकावरच्या ब्रेकच्या दांड्यावर, फिटर इंद्रजित. त्याला लेखी आदेश होता: फीत तुटली की ब्रेक सोडायचा, आधी नाही, नंतर नाही.

मुहूर्त अकरा वाजून अकरा मिनिटांचा. तो टळू नये म्हणून गाडी पाहुण्यांशिवायच टोकावर नेली. ते आले की त्यांना बाजूच्या जिन्यानं वर आणायचं ठरलं. बारा वाजता फोन आला, पाहुणे निघालेत. दीड वाजता आला, भिगवणला पोचलेत. सव्वादोनला दोरीला बांधून चहाची किटली वर आली. तीनला पुन्हा फोन आला, भिगवणला पोचलेत.

"आबा, सोडा की गाडी," सिंधुबाई म्हणाल्या.

"काकी, पाहुण्याबिगर कशी सोडायची? मान हाय त्यांचा."

"मग मला उतरवा खाली."

"चढायचा ठराव झालाय. उतरायचा न्हाय झाला."

"आन् वरडायचं कवा?"

आबांनी कागद बघितला. "ते विषयपत्रिकेत सातवं हाय."

गणपूर्ती आहेच म्हटल्यावर आबांनी वरच सभा सुरू केली. पाच विषय एकमतानं मंजूर झाले. सहावा असा: 'संस्थेची प्रतिष्ठा लक्षात घेता महिला सभासदांनी पाहुण्यांसमोर शक्यतो मनातल्या मनात ओरडावे.' दहा हात वर गेले.

सिंधुबाईंना फार वाईट वाटलं. मनातल्या मनात ओरडायला एवढं वर कशाला यायचं, तिथं तर बेचाळीस वर्षं चालूच होतं. त्यांनी चंची सोडली. अडकित्त्यानं सुपारी कातरली, तोंडात टाकली, आणि त्याच अडकित्त्यानं फीत कापली.

इंद्रजितनं आदेशाचं पालन केलं.

पहिल्या उतारावर घशातून सासूबाई निघाल्या, दुसऱ्या वळणावर दीर, आणि रुळाच्या वेटोळ्यात गाडी उलटी झाली तेव्हा राहिलेला सगळा गोतावळा. सिंधुबाई अशा ओरडल्या की खालचा बँड थांबला. पणदऱ्यात त्या वेळी एका म्हशीनं दूध चोरल्याची तक्रार आली आहे, पण अंतर बघता संस्था ती फेटाळते. आबाही ओरडले. (अहवालात 'चेअरमन यांनी मार्गदर्शन केले' असं आहे.) गाडी खाली थांबली तेव्हा सिंधुबाईंचे केस सुटले होते आणि त्या खुशाल हसत होत्या.

चौकशी झाली. पाहुण्यांविना फीत तुटली, सबब उद्घाटन झालंच नाही. सबब गाडी सुटलीच नाही. सबब जे ओरडले त्यांनी ते ओरडणं लेखी मागं घ्यावं. संचालकांनी आबांसकट सह्या केल्या.

"माझं मी मागं घेत न्हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "पायजे तर आनखी एक देते." आणि दिलं.

संस्थेचं भवितव्य उज्ज्वल आहे. खाली येण्यातच धोका असल्याचं दिसून आल्यामुळं पुढच्या टप्प्यात नुसता चढच ठेवायचा विचार आहे. नवी फीत बांधली आहे, गाडी टोकावर आहे, संचालक बसलेत, पाहुणे भिगवणला पोचलेत. सिंधुबाईंची जागा तेवढी रिकामी होती. पात्रता फार नाही: वेळेवर येऊन ताटकळता यावं, सगळ्यांबरोबर हात वर करता यावा, आणि ओरडायचं ते मनातल्या मनात जमावं. अर्ज मागवावे लागले नाहीत. तुमचा अनुभव बघून समितीनं तुमचंच नाव लावलं आहे. पट्टा नीट आवळून घ्या, चहा वर येतोय.